धोका नाही

येलहंका ओल्ड टाउन, बंगळूर
९ जानेवारी २०२५

चि. तनय,

वरच्या खोलीची किल्ली तू खिडकीत ठेवून गेलास, ती मिळाली. पंखा, शेगडी, बादली सगळं जागेवर आहे. दोन वर्षं माझ्या घरात भाड्यानं राहिलास, माझ्या हातचं खाल्लंस, आणि माझ्या गिरीचं तेरावं व्हायच्या आत बॅग उचलून नागपूरला गेलास. मला राग आहे. तो आधी लिहून घेतला, आता कामाचं.

हे पत्र माझा धाकटा भाऊ मालोजी लिहितोय. मिलिटरीत असताना तो ही बाळबोध अक्षरं शिकला. मला ती येत नाहीत. मी बोलते तसं लिही म्हटलं तरी मधे मधे सुधारतो, मग मी पाठीत चापट देते. फोनवर मला धड बोलवत नाही, म्हणून हा उपद्व्याप.

गिरीराजचा मोबाईल पोलिसांनी परत दिला. माझी नात रक्षिता, थोरल्याची मुलगी, तिनं तो उघडला. आत ते पिवळ्या मुखवट्याचं अॅप आहे. रक्षिता सांगते, त्यात अनोळखी माणसं एकमेकांशी बोलतात आणि कुणी कुणाला नाव सांगत नाही. नावं अॅपच देतं, एक रंग आणि एक जनावर. आपला गिरी तिथे 'राखी बगळा' होता. एकतीस वर्षांचा घोडा, देवनहळ्ळीला विमानाच्या मालाचा सुपरवायझर, आणि तिथे बगळा! लिहिलेलं एका दिवसात आपोआप पुसून जातं, त्यामुळे मागचं काही सापडत नाही. पण रोज सकाळी आठला एक ओळ येते. 'तांबडी खार' म्हणून कुणी आहे, ते विचारतं, "आहेस का?" दुसऱ्या दिवशी ती जाते आणि नवी येते.

ऑक्टोबरच्या बावीस तारखेला गिरीनं जीव दिला. चिठ्ठी नाही, भांडण नाही, आजार नाही. आदल्या दिवशी दोनदा सारू-भात मागून घेतला. मग माझं पोर कशानं गेलं? मला वाटतं या खारीनंच काहीतरी डोक्यात भरवलं. तोंड लपवून बोलणारा माणूस चांगलं कशाला बोलेल? आणि आता मेला की नाही बघायला रोज दार वाजवतो.

तू मोबाईलच्या कंपनीत होतास. याचा पत्ता काढून दे. बाकी मला तुझ्याकडून काही नको.

सगुणाबाई

ता. क. अक्का शिव्याही सांगत होती. त्या मी गाळल्या. - मालोजी


महाल, नागपूर
१९ जानेवारी २०२५

आदरणीय अक्का,

पत्र मिळालं. तुमचा राग बरोबर आहे. तेव्हा मला काय झालं होतं ते नीट सांगता येत नाही. खाली माणसं येत होती, चटया टाकल्या होत्या, आणि मी वर बसून कपड्यांच्या घड्या घालत होतो. वाईट वाटतंय का, असं मी स्वतःला विचारून पाहिलं. काही वाटत नव्हतं. मग बसून काय करायचं, म्हणून निघालो.

आता बाबांच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात बसतो. गिऱ्हाईक दोनशे पानी मागतं, मी काढून देतो. आई म्हणते, "बंगळूरहून तू आला की नुसतं तुझं सामान आलं रे बाप्पा?" बाकी ठीक चाललंय.

तुमच्या कामाचं म्हणाल, तर मी होतो ती कंपनी वेगळी. लोकांच्या बिलांच्या वगैरे तक्रारी घ्यायचो. त्या अॅपबद्दल मला काही माहीत नाही. एवढं खरं की अशा ठिकाणी माणसाचा पत्ता निघत नाही, तेवढ्यासाठीच लोक तिथे जातात. रक्षिताला सांगून ते अॅप काढून टाका. रोज सकाळी तुम्हाला त्रास कशाला?

वेळेवर जेवत जा.

तनय


येलहंका ओल्ड टाउन
२ फेब्रुवारी २०२५

चि. तनय,

काढून टाका म्हणे! ज्याचं जळतं त्याला कळतं. तू दुकानात बसून वह्या विक.

मालोजी पोलिसात जाऊन आला. तिथला अधिकारी बरा आहे. तो म्हणाला, नुसतं सांगून होत नाही, लेखी अर्ज द्या, मग आम्ही त्या कंपनीकडून खारीचा नंबर मागवू आणि त्याला उचलून आणू. तर तू असं कर, चांगल्या इंग्रजीत अर्ज लिहून पाठव. 'या माणसानं माझ्या मुलाला मरायला भाग पाडलं' असं त्यात स्वच्छ यायला हवं. मालोजी पंधरा तारखेला अर्ज देणार आहे.

मागच्या वेळी एक सांगायचं राहिलं. ही खार इंग्रजीत लिहीत नाही, कन्नडातही नाही. ती आमची मराठी लिहिते, कन्नड अक्षरांत. आम्ही इथले जुने लोक सगळे तसंच लिहितो. आमचे वाडवडील शिवाजी महाराजांच्या वडिलांबरोबर इथे आले म्हणतात. बोलणं टिकलं, अक्षरं शाळेतली कन्नड झाली. किराण्याची यादी, लग्नाची याद, आरत्यांची वही, सगळं तसंच. गिरीही तसंच लिहायचा. तू एकदा माझी यादी बघून "अक्का, तुमचं कन्नड किती सुंदर आहे" म्हणाला होतास, तेव्हा मी हसले होते. त्यात साखर आणि तूरडाळ मराठीतच होती.

म्हणजे हा चोर आमच्यातलाच कुणीतरी आहे. येलहंक्यातला नाहीतर बसवनगुडीतला. कदाचित माझ्या दारात येऊन, माझ्यासमोर बसून, चहा पिऊन गेला असेल. हे मनात आल्यापासून मी आल्यागेल्याच्या तोंडाकडे बघत बसते.

अर्ज लवकर पाठव.

सगुणाबाई


नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

अक्का,

अर्ज देऊ नका. मालोजीमामांना थांबवा. कारण आत्ता सांगता येत नाही, मला आधी एक खात्री करून घ्यायची आहे. महिनाअखेरपर्यंत वेळ द्या.

तांबड्या खारीबद्दल कुणाजवळ काही बोलूही नका.

तनय


येलहंका ओल्ड टाउन
१७ फेब्रुवारी २०२५

तनय,

सरी, बरं, थांबले. मालोजी चिडलाय. त्याच्या मते तू त्या खारीला सामील आहेस. मी त्याला गप्प केलं, पण तू काहीतरी गिळून बसलायस हे मलाही कळतं. असलं काही पोटात ठेवू नये रे. महिनाअखेरपर्यंत म्हणालास, तेवढंच.

सगुणाबाई


नागपूर
३ मार्च २०२५

अक्का,

तांबड्या खारीचा काही दोष नाही. दोष कुणाचा ते लिहितो. हे पत्र मालोजीमामा मोठ्यानं वाचतील, हे मला माहीत आहे. त्यांनी मधे थांबू नये.

जानेवारीच्या पत्रात मी खोटं लिहिलं. बिलांचं काम नव्हतं. मी त्याच अॅपच्या कंपनीत होतो. कुठे काम करतो ते घरमालकालाही सांगायचं नाही, अशा कागदावर सही केली होती. काम असं की, अॅपवर समोरच्याचं बोलणं वाचून कुणी घाबरलं किंवा चिडलं, तर ते एक बटण दाबतात आणि ते बोलणं आमच्याकडे येतं. ज्या भाषेचं त्या टेबलावर. मी मराठीच्या टेबलावर होतो. वाचायचं आणि दोनपैकी एक दाबायचं, 'धोका आहे' किंवा 'धोका नाही'. एकाला चाळीस सेकंद. दिवसाला सातशे. 'धोका आहे' दाबलं की वरची माणसं त्या मोबाईलचा नंबर काढून घरी आणि पोलिसांना कळवतात. पहिले सहा महिने मला जेवण जात नव्हतं. मग जायला लागलं. मग काहीच वाटेनासं झालं. साहेब म्हणाले, आता तू तयार झालास.

२१ ऑक्टोबर, सोमवार, दुपारचे चार वीस. खारीनं राखी बगळ्याचं बोलणं आमच्याकडे पाठवलं. अक्षरं कन्नड, म्हणून ते आधी कन्नडच्या टेबलावर गेलं. तिथे प्रेमा होती. तिला अक्षर न् अक्षर वाचता आलं, अर्थ लागेना. 'कन्नड नाही, मराठी असावी' असं लिहून तिनं ते माझ्याकडे पाठवलं. मी उघडलं, तर कन्नड अक्षरं. मी म्हटलं, ही पोरगी झोपेत आहे, आणि परत पाठवलं. ते पुन्हा माझ्याकडे आलं. तेवढ्यात खारीनं दुसऱ्यांदा बटण दाबलं, तेही सोबत आलं. नियम असा होता, की तीनदा टेबल बदललेलं प्रकरण ज्याच्यासमोर येईल त्यानं बंद करून टाकायचं. मी 'धोका नाही' दाबलं. चहाची वेळ झाली होती.

प्रेमाचं टेबल माझ्यापासून बारा पावलांवर होतं. उठून गेलो असतो तर पुरे होतं.

त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा गिरी ओट्यावर सायकलची चेन बसवत होता. "आलास?" म्हणाला. मी "आलो" म्हणालो आणि वर गेलो.

तो कोण होता ते मला तेव्हा माहीत नव्हतं. जानेवारीत तुमच्या पत्रात 'राखी बगळा' वाचलं तेव्हा ओळखीचं वाटलं. पण रोजची सातशे नावं, असेल कुणीही, असं मी स्वतःला सांगितलं आणि तुम्हाला ते खोटं पत्र लिहिलं. पुढच्या पत्रात कन्नड अक्षरांतली मराठी हे वाचलं आणि मग पळवाट राहिली नाही.

बटण दाबून आलेलं बोलणं कंपनी सहा महिने ठेवते. प्रेमा अजून तिथेच आहे. रविवारी दुपारी तिनं ते उघडून मला फोनवर वाचून दाखवलं. हे नियमात बसत नाही, तेव्हा तिचं नाव बाहेर जाऊ देऊ नका. ती एकेक अक्षर वाचत होती, तिला काही कळत नव्हतं, आणि इकडे मला तुमच्या स्वयंपाकघरातली मराठी ऐकू येत होती. दोन मिनिटं लागली. संपल्यावर ती म्हणाली, "तनय, यातलं 'आई' तेवढं मला त्या दिवशीही कळलं होतं."

गिरीनं लिहिलेलं खाली देतो. एक ओळ गाळणार होतो, गाळली नाही.

'झोप येत नाही असं नाही, येते. उठलं की काही नसतं. आई जेवायला वाढते, मी मागून मागून खातो, तिला संशय नको म्हणून. चव लागत नाही. तिला सांगितलं तर ती देवळात नेणार आणि रडणार. कारण काय विचारणार, आणि कारण काही नाही. वर एक नागपूरचा राहतो. आपली भाषा बोलतो. त्याला सांगावं वाटतं. दोनदा जिन्यापर्यंत गेलो. पण तो दमून येतो आणि दार लावतो. जाऊ दे. उद्यापासून मी नाही.'

त्याखाली सगळं खारीचं. 'असं बोलू नको. घर कुठे ते सांग, मला आत्ता यायचंय. गल्ली सांग. नुसतं स्टेशनच्या कुठल्या बाजूला तेवढं सांग.' असं सात वेळा. गिरीनं उत्तर दिलं नाही.

रोज सकाळी दार वाजवतो म्हणालात तो माणूस हा. त्याला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

फोन ठेवला आणि मी दुकानात जाऊन बसलो. गिऱ्हाईक आलं, त्याला वही दिली. रडू आलं नाही. हे लिहिताना येत नाहीये. आई ताटात काय वाढते ते उठल्यावर मला सांगता येत नाही. लाज वाटायला हवी, तीही कुठे सापडत नाही.

अर्जात कुणाचं नाव घालायचं असेल तर माझं घाला. तनय पुरुषोत्तम खानझोडे. पत्ता तुमच्याकडे आहेच.

तनय


येलहंका ओल्ड टाउन
७ एप्रिल २०२५

तनय,

मालोजीनं तुझं पत्र न थांबता वाचलं. मग उठून मागच्या अंगणात गेला. मी तिथेच बसले. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, तो कुणी बंद केला मला माहीत नाही.

उत्तराला महिना लागला. पहिले आठ दिवस मालोजी नागपूरला जाऊन तुझी तंगडी तोडतो म्हणत होता. मी नको म्हटलं नाही. तुला शिव्या घालायच्या म्हणून मीही दोनदा त्याला कागद देऊन बसवलं. तो लिहायला तयार, आणि मला एक शिवी सुचेना. मधे युगादी झाली, तुमचा पाडवा. वर्षाच्या आत आम्हाला सण नाही. शेजारणीनं होळिगे, म्हणजे पुरणपोळी, आणून दिली, ती तशीच राहिली.

मालोजीनं कुणाकडून लिहून आणलेला अर्ज फाडला. मग चष्मा लावून गिरीचा मोबाईल घेतला. रक्षिता मी लिहून देते म्हणाली, तिला बाहेर घालवलं. त्या खारीला वाचता येईल असं मलाच लिहिता येतं, त्याला मालोजी लागत नाही. स्वल्प वेळ लागला, बोट भलतीकडे पडत होतं. लिहिलं, 'मी याची आई. हा बावीस ऑक्टोबरला गेला. तुम्ही दोनदा कळवलंत ते मला आता समजलं. मी तुम्हालाच चोर समजत होते. माझं चुकलं.'

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी आलं, 'मी सारखं घर विचारलं म्हणून रागावून बोलत नाही असं मला वाटायचं.'

तेव्हा मी रडले. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा. मालोजी धावत आला, त्याला वाटलं मी पडले. तो म्हणतो नाव विचार, आपल्यातलं माणूस आहे, सोयरंच निघेल. मी म्हटलं गप. बाई आहे की बाप्या, तेही विचारलं नाही. सहा महिने कुणीतरी माझ्या मुलाची रोज वाट बघत होतं आणि मी त्याला पोलिसात द्यायला निघाले होते.

आता तुझं. माफ केलं असं कुठेही लिहू नको, म्हणून मालोजीला बजावलंय. माफ केलेलं नाही. गिरी जिन्यापर्यंत गेला ते मीही एकदा बघितलं होतं. मला वाटलं, गच्चीवरचे कपडे काढायला जातोय. तेव्हा चूक एकट्या तुझी आहे असं मी म्हणत नाही, पण तुला बरं वाटावं म्हणूनही हे लिहीत नाही. इकडे येऊ नकोस. अजून नको.

पण ते पत्र मी मालोजीकडून रोज वाचून घेतलं. पहिले काही दिवस नुसतं गिरीचं ऐकायचे. परवा शेवटपर्यंत ऐकलं. गिरी लिहितो, चव लागत नाही. आणि चार बोटं खाली तू लिहितोस, आईनं काय वाढलं ते सांगता येत नाही. मी मालोजीला म्हटलं, थांब, परत वाच. त्यानं परत वाचलं, त्याच्या काही लक्षात आलं नाही. माझ्या आलं. माझ्या समोर बसून जेवणाऱ्याचं आलं नव्हतं, हजार किलोमीटरवरच्याचं आलं.

हे पत्र तुझ्या आईच्या हातात दे. आजच. तू वाचून दाखवू नकोस, मधलं गाळशील. खोटं लिहिण्यात तू पटाईत आहेस ते मला माहीत आहे.

तनयच्या आई, तुम्ही हे वाचत असाल तर त्याला आज समोर बसवून विचारा. कारण विचारू नका, कारण नसतं. देवळात नंतर न्या, आधी मनाच्या डॉक्टरकडे न्या. ठीक आहे म्हणाला तर ऐकू नका. मी ऐकलं होतं. खाली रक्षिताचा नंबर आहे. डॉक्टर काय म्हणाले ते मला तुम्ही स्वतः फोन करून सांगा.

अठरा तारखेपर्यंत फोन आला नाही तर मालोजी गाडीत बसेल. तिकीट काढून ठेवलंय. तुझी तंगडी तोडायला निघाला होता, आता कशाला निघालाय ते त्यालाही धड सांगता येत नाही, पण बॅग भरून ठेवलीय.

सगुणाबाई